बारा पॉइंट चार

गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. तिथे गाड्यांची फक्त विजेची कामं होत. त्या गॅरेजच्या मालकाला सगळे पॉइंटकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या खोडीने ओढवून घेतलं होतं. काम संपलं की काका गाडीचं इंजिन चालू ठेवायचे, बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावायचे आणि आलेला आकडा खच्चून पुकारायचे. "चौदा पॉइंट दोन!" समोरच्या शिंप्याची कात्रीसुद्धा क्षणभर थांबायची. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारं यंत्र, तिला भरतोय असं समजायचं. बारा-साडेबाराच दिसले तर तो भरत नाहीये आणि गाडी साठवलेल्यावर दिवस ढकलतेय. काकांनी हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की चौदा ऐकलं की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा.

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगून टाकतो. गेलं वर्षभर काकांना तो आकडा दिसतच नव्हता.

म्हणजे अगदीच दिसत नव्हता असं नाही. मीटरच्या काचेवर एक उभी रेघ दिसायची, तो एक. मग दोन धुरकट ठिपके आणि त्यांच्या मधे कुठेतरी एक टिंब. बाकीचं काकांचं डोकं भरून काढायचं. चौतीस वर्षं ज्या जागी चौदा पॉइंट दोन पाहिलं, त्या जागी डोकं दुसरं काय भरणार? पेपर वाचणं त्यांनी सोडलं होतं आणि वर, हल्ली पेपरात वाचण्यासारखं असतंच काय, असंही म्हणायचे. गॅरेजातली ट्यूब दोनदा बदलून झाली होती. नव्या ट्यूबला पूर्वीसारखा उजेड नसतो, हे त्यांचं मत अख्ख्या गल्लीला पाठ होतं. स्क्रू, नट, तारेची जाडी हे सगळं बोटांना कळत होतं, त्यामुळे काम निभत होतं. माणूस स्वतःला किती हुशारीने फसवू शकतो ते बघायचं असेल तर आपल्या कामात तरबेज असलेला माणूस बघावा.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला रस्त्यावरचे दोघे जण एक छोटी पांढरी गाडी ढकलत गॅरेजपाशी घेऊन आले. आत स्टिअरिंगवर सिस्टर होती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना घरी जाऊन बघायचं, जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम. त्यासाठी ती रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरायची.

"काका, तिसरी वेळ," ती खाली उतरत म्हणाली.

काकांनी हात पुसले. पहिल्या वेळी गाडी सकाळी सुरूच होत नव्हती. काकांनी धक्क्याने सुरू केली, मीटर लावलं, चौदा पॉइंट दोन पुकारलं. चार्जिंग चांगलं आहे, म्हणजे बॅटरीच म्हातारी झाली असा निकाल देऊन नवी बॅटरी बसवली. तीन आठवड्यांनी गाडी परत आली. तेव्हाही चौदा पॉइंट दोन. मग काकांनी सिस्टरलाच झापलं होतं. दिवे चालू ठेवत असाल, दार नीट लावत नसाल, गाडी म्हणजे काय कपाट आहे का?

"काल टेकडीवरच्या वस्तीत बंद पडली," सिस्टर सांगू लागली. तिचा आवाज चढला नव्हता आणि तेच काकांना जास्त लागलं. "दिवे बंद होते, दारं बंद होती, मी स्वतः दोनदा बघितलं. पुढचे सगळे पेशंट राहिले. एका आजोबांना दुखण्याचं इंजेक्शन वेळेवर लागतं. दीड तास उशिरा पोचले मी. कळवळत होते बिचारे. आता ऑफिसमधून सांगितलंय, गाडीचा भरवसा नसेल तर लांबचे पेशंट सोडून द्या. म्हणजे त्यांच्याकडे कोणीच जाणार नाही."

"मी बघतो ना."

"काका, बॅटरी नवी आहे. चार्जिंग बरोबर आहे, असं तुम्हीच म्हणता. मग गाडी बंद का पडते? दुपारी मला परत त्या वस्तीत जायचंय. जाऊ की नको, तेवढंच सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, पण नक्की सांगा."

जवळच एका पेशंटची पट्टी बदलायची होती. ती करून अकरापर्यंत येते म्हणून ती पिशवी खांद्याला लावून पायीच गेली.

काकांनी दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने गाडी सुरू केली आणि मीटर लावलं. काच नाकाजवळ आणली, उजेडाकडे तिरपी केली, एक डोळा मिटून पाहिलं. उभी रेघ, धुरकट ठिपका, टिंब, धुरकट ठिपका. चौदा पॉइंट दोन. पण या वेळी त्यांना पुकारवेना.

त्यांनी इंजिन बंद केलं, बॅटरीला थोडा वेळ चार्जर लावला आणि गाडी उभी असताना कुठे वीज गळतेय का ते पाहिलं. त्यासाठी त्यांची जुनी रीत होती. बॅटरीची एक तार सोडवायची आणि मधे छोटा बल्ब जोडायचा. गळती असेल तर बल्ब पेटतो. पेटलेला बल्ब काकांना अजून दिसत होता. तो पेटला नाही. मग नव्या बॅटरीवर हेडलाइट लावून ठेवले, बघता बघता पाच मिनिटं गेली, ती तग धरून होती. म्हणजे बॅटरीत दोष नाही, गळती नाही, चार्जिंगही ठीक, आणि तरी गाडी मरते. असं होऊच शकत नाही. गाडीत भूत नसतं, हे काकाच लोकांना सांगत आले होते.

मग त्यांनी मीटरवर संशय घेतला. मीटरचा सेल बदलला, पिना घासून काढल्या. तरीही चौदा पॉइंट दोन. मागच्या खणातून जुनं मीटर काढलं. त्याच्यावरही तेच. दोन मीटर मिळून एकच खोटं बोलतील, हे काही काकांना पटेना. मग बोलतंय कोण? गाडीच्या चिखलपट्टीला टेकून ते उभे राहिले. विजेच्या कामात एकेक गोष्ट बाद करत जायचं असतं आणि जी उरते तिला पकडायचं असतं. सगळं बाद करून झालं होतं आणि आता फक्त ते स्वतः उरले होते.

गॅरेजच्या वरच घर होतं. काकू खाली आल्या त्या चहाचे दोन कप घेऊन. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गल्लीतली निम्मी प्रौढ माणसं त्यांना पाहिली की अजून पाठीचा कणा ताठ करायची.

"अगं, जरा इकडे ये," काका शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले. "माझे दोन्ही हात अडकलेत. एवढा आकडा वाच."

इंजिन चालू होतं. काकांनी पिना बॅटरीच्या टोकांवर धरल्या होत्या. काकूंनी कप बाकावर ठेवले, चष्मा सारखा केला.

"बारा पॉइंट चार."

"नीट बघ. चौदा पॉइंट दोन."

"बारा. पॉइंट. चार."

"अगं, चारच्या जागी दोन वाचलास तू आणि दोनच्या..."

"आकडा वाचायला मला शिकवू नका," काकू म्हणाल्या. "ढीगभर पोरांच्या वह्या तपासल्यात मी. काहींचं अक्षर असं असायचं की डॉक्टरने लाजावं. हा तर छापल्यासारखा स्वच्छ आहे." आणि मग त्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मीटरपासून वीतभर अंतरावर आणलेलं तोंड, मिटलेला एक डोळा. "अहो, तुम्हाला हे दिसत नाहीये?"

काकांनी पिना काढल्या. इंजिन आपलं घरघरत राहिलं.

"किती दिवस?"

"वर्ष झालं असेल."

"वर्ष!" काकूंनी कपाळाला हात लावला. "आणि मला पेपरात काही नसतं म्हणून सांगत होतात! मी रोज एकटीच वाचत बसायची, म्हटलं या माणसाला जगात काय चाललंय त्याची पर्वा नाही. अहो, सांगायचं तरी!"

"सांगून काय झालं असतं? आकडा दिसत नाही अशा माणसाकडे गाडी कोण आणेल?" काका म्हणाले. त्यांना भीती वाटत होती आणि या वयात बायकोसमोर ती दाखवायची लाजही वाटत होती. "मला दुसरं काय येतं? घरी बसून भिंती मोजू का?"

काकूंना खरं तर रागावायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे रागावणं राहूनच गेलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि मीटर हातात घेतलं.

"भिंती नंतर मोजा. आधी सांगा, बारा पॉइंट चार म्हणजे काय?"

"म्हणजे बॅटरी भरतच नाहीये."

"मग तुमचा तो अल्टरनेटर बिघडलाय?"

"तेच बघायचं." काकांच्या आवाजात जरा जीव आला. कोडं पुढ्यात आलं की त्यांना स्वतःचा विसर पडायचा. "लाल पीन आता बॅटरीवर नको. ती इथे, अल्टरनेटरच्या मागच्या जाड खिळ्यावर धरतो. वीज इथून निघते. काळी तिथेच राहू दे. वाच."

"चौदा पॉइंट सहा."

"नक्की?"

"अहो!"

"बरं बरं. चौदा पॉइंट सहा." काका पुटपुटले. "म्हणजे हा बिचारा इमानदारीत वीज बनवतोय. स्टिअरिंगसमोरचा बॅटरीचा लाल दिवा म्हणूनच पेटत नव्हता. गाडीला वाटतंय सगळं आलबेल आहे."

"इथून चौदा पॉइंट सहा निघाले आणि तिथे बारा पॉइंट चार पोचले," काकूंनी आपोआप वजाबाकी केली. "दोन पॉइंट दोन वाटेत गेले. कुठे गेले?"

"शाब्बास! तेच शोधायचं."

अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत एक जाड तार जाते. काकांनी ती बोटांत धरली आणि हळूहळू चाचपत निघाले. तार इंजिनाच्या खालून वळसा घेऊन वर यायची. बॅटरीच्या हातभर अलीकडे तिला एक तांब्याची टोपी दाबून जोड दिलेला होता. त्या जोडापाशी काकांनी हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"तापलीय. बाकी सगळी गार आणि इथेच गरम. दोन पॉइंट दोन इथे जळतायत."

इंजिन बंद करून, बॅटरीची तार सोडवून त्यांनी जोडावरचं रबर कापलं. आत काय आहे ते काकूंनी सांगितलं. तांब्याच्या बहुतेक तारा हिरव्या पडून भुगा झाल्या होत्या, चार-पाच कशाबशा धरून होत्या. पाणी शिरून आतल्या आत गंजत गेलेली तार वरून मात्र नवीकोरी दिसत होती. जास्त दिवे, पंखा चालू असले की त्या चार-पाच तारांतून काय जाणार? बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत होती आणि सिस्टर तिला भरवशाची समजून वस्तीवस्तीतून फिरत होती.

काकांनी नवी तार कापली, टोकांना टोप्या दाबल्या, ओढून पाहिल्या, रबर चढवलं. या कामाला त्यांना डोळे लागत नव्हते. गाडी सुरू केली. काकूंनी पिना धरल्या आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात आकडा सांगितला.

"चौदा पॉइंट तीन!"

समोरच्या शिंप्याने मान वर करून पाहिलं. पुकारा रोजचाच होता, फक्त आवाज बाईचा होता.

काका बाकावर बसले. चहा केव्हाच थंड झाला होता, तो त्यांनी तसाच प्यायला. सिस्टर यायला अजून दहा मिनिटं होती.

"तिला काय सांगणार आहात?" काकूंनी विचारलं.

"तार गंजली होती म्हणून."

"हं."

खोटं नव्हतंच ते. तार गंजली होती, बदलली, आता गाडी खुशाल न्या. सिस्टरला तेवढं पुरलं असतं. तिने आभारही मानले असते. काकू मीटरच्या वायरींची गुंडाळी करत बसल्या, आणि काकांना बायको रागावलेली परवडली असती पण ही गुंडाळी परवडेना.

सिस्टर अकराला पाच मिनिटं असतानाच आली. "सापडलं?"

"सापडलं. तार गंजली होती, बदलली. आता जा तुम्ही वस्तीत, नक्की जा." एवढं बोलून काका उभे राहिले. ते चाचरले. "सिस्टर, थांबा. ती तार पहिल्या दिवसापासून खराब होती. मीटर तेव्हाही बारा दाखवत असणार. मी चौदा वाचलं. मला दिसत नाही हल्ली. तुमची जुनी बॅटरी बहुतेक चांगली होती. ती मी विनाकारण बदलली आणि वर तुम्हालाच बोललो. नव्या बॅटरीचे पैसे मी परत देणार आहे."

सिस्टरचा चेहरा लाल झाला.

"पैशांचं राहू द्या, काका. मी घरी जाऊन प्रत्येक दार तपासायची. रात्री उठून खाली जाऊन दिवे बघायची. मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं ठिकाणावर नाही. आणि ते आजोबा... दीड तास!"

"हो," काका म्हणाले.

"तुम्ही आधी सांगितलं असतंत तर?"

"तर हे झालं नसतं. चूक माझी आहे."

त्यांनी सबब सांगितली नाही. ट्यूबचं नावही काढलं नाही. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नवऱ्याला वाद न घालता उभं राहिलेलं पाहिलं आणि त्यांना तो केविलवाणाही वाटला आणि मोठाही.

सिस्टरने पिशवी बॉनेटवर आदळली, त्यातून छोटा टॉर्च काढला आणि काकांची हनुवटी सरळ धरली. राग पुरता गेला नव्हता, त्यामुळे धरणं जरा जोरातच झालं. "वर बघा. आता इकडे. हलू नका हो!" तिने दोन्ही डोळे पाहिले. "मी डॉक्टर नाही, पण मला तर मोतीबिंदू वाटतोय. चांगला दाट आहे. तुम्ही या डोळ्यांनी इतके दिवस तारा जोडत होतात?"

"तो निघतो का?" काकूंनी विचारलं.

"न निघायला काय झालं? रोज ढिगाने निघतात. डोळ्यांचा दवाखाना माझ्या वाटेवरच आहे, बारापर्यंत उघडा असतो." तिने गाडीचं मागचं दार उघडलं. "बसा दोघं. तुम्हीच म्हणालात ना गाडी नक्की जाते म्हणून? मग बसा की."

काकांनी गॅरेज बंद केलं. भर कामाच्या दिवशी, भर सकाळी गॅरेजचं दार खाली ओढलं गेलेलं पाहून शिंपी बाहेर येऊन उभा राहिला. "कुठे निघालात?" असं त्याने विचारलं. "डोळे दाखवायला," काका मोठ्याने म्हणाले. आता गल्लीभर होणारच होतं, तर स्वतःच्या तोंडून झालेलं बरं. वाटेत त्यांनी काकूंना सांगितलं की वर्षभरात ज्यांना ज्यांना नवी बॅटरी दिली त्या सगळ्यांना बोलावून पुन्हा तपासायचं. आकडे तू वाचायचे. काकू म्हणाल्या, वाचीन, पण पुकारणार मीच.

दवाखान्याच्या दाराशी सिस्टरने त्यांना सोडलं आणि ती टेकडीच्या रस्त्याला लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. भिंतीवर आकड्यांचा तक्ता होता, वर एक मोठा आकडा आणि खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी. काकांच्या आधीचा पेशंट खणखणीत आवाजात वाचत होता आणि काका दाराशी बाकावर बसून ऐकत होते. सहा. तीन, आठ. पाच, नऊ, दोन. चार, सात, तीन, सहा. शंभर गाड्यांच्या तारांचे नकाशे ज्या डोक्यात होते, त्याला एवढं काय जड? तक्ता पाठ झाला तेव्हा पाठ करतोय हेही काकांना कळलं नव्हतं.

मग ते खुर्चीवर बसले. काकू मागे उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी यंत्रातून दोन्ही डोळे पाहिले आणि मोतीबिंदूच आहे, पडदा चांगला आहे, काढला की छान दिसेल, असं सांगितलं. काकूंनी सोडलेला श्वास काकांना मानेवर जाणवला.

"आता समोरचं वाचा."

"सहा," काका म्हणाले. तो त्यांना खरंच दिसत होता.

"खालची ओळ?"

भिंतीवर दोन धुरकट ठिपके होते. जिभेवर तीन आणि आठ तयार होते, त्याच्या मागे पाच, नऊ, दोन रांगेत उभे होते. सगळेच्या सगळे बरोबर. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"अंदाजाने सांगितलंत तरी चालेल," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या.

"अंदाजाने नको, डॉक्टर. दिसत नाही."

"बरोबर," मागून काकू म्हणाल्या, अवघड गणित सोडवलेल्या पोराला म्हणाव्यात तशा आवाजात, आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.